नवीन बांधलेल्या छोट्या इंजिनात कॉम्प्रेशन कमी: पुन्हा खोलण्याआधी काय तपासायचं

पिस्टन नवा, रिंगा नव्या, बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) मारून आणलेला, गॅस्केटचा पूर्ण संच नवा. तरीही दोरी ओढली की हाताला जोर लागत नाही, गेज लावलं की काटा ४०-५० पीएसआयवर थांबतो आणि इंजिन एकतर उठत नाही, नाहीतर उठून लोडवर बसतं. पाण्याचा पंप, जनरेटर, टिलर, वीडर यांवर असणाऱ्या एका सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनांत ही तक्रार सारखी येते. खालचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, दोन-स्ट्रोकचं वेगळं शेवटी.

अशा वेळी पहिला संशय रिंगांवर जातो आणि पूर्ण इंजिन परत टेबलावर येतं. याची घाई करू नका. नव्या बोअरमध्ये नव्या, योग्य मापाच्या रिंगा असतील तर त्या पहिल्या दिवशी शंभर टक्के बसलेल्या नसतात हे खरं, पण इंजिन उठूच नये इतकं कॉम्प्रेशन त्यामुळे पडत नाही. इतकी मोठी पडझड असेल तर व्हॉल्व्ह उघडा राहतोय, टायमिंग चुकलंय, चुकीच्या मापाचा भाग बसलाय किंवा मुळात गेजचा आकडाच खोटा आहे. यातल्या बऱ्याच गोष्टी ब्लॉक न खोलता कळतात.

आकडा खरा आहे का?

मोटारीसाठी घेतलेलं कॉम्प्रेशन गेज छोट्या इंजिनाला लावलं की ते कमीच दाखवतं. होंडा जीएक्स१६० चं उदाहरण घ्या: बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ४५ मिमी, १६३ सीसी, कॉम्प्रेशन रेशो ९:१. म्हणजे पिस्टन वर आल्यावर हेडमध्ये उरणारी जागा फक्त २० सीसीच्या आसपास. आता गेजची नळी ३० सेंमी लांब आणि आतून ५ मिमीची असेल, तर तिच्या पोटात जवळजवळ ६ सीसी जागा आहे. एकदिशा व्हॉल्व्ह गेजच्या तोंडाशी, वरच्या टोकाला असेल, तर ही ६ सीसी जागा हेडच्या जागेत मिळवली जाते आणि ९ चा रेशो तिथल्या तिथे ७.२ वर येतो. इंजिनात काहीही बिघाड नसताना. म्हणून व्हॉल्व्ह नळीच्या प्लगकडच्या टोकाला असलेलंच गेज वापरा.

त्या टोकातला व्हॉल्व्ह दिसायला टायरच्या ट्यूबमधल्या पिनसारखाच असतो, पण त्याची स्प्रिंग बरीच मऊ असते. तो खराब झाला म्हणून कोणी टायरची पिन बसवली असेल, तर तिची कडक स्प्रिंग उघडायलाच दाब खर्च होतो आणि गेज तेवढं कमी दाखवतं. उसनं आणलेलं गेज असेल तर हे आधी बघा. अडॅप्टरची चुडी प्लगच्या चुडीपेक्षा आखूड असेल तरी थोडी जागा वाढते. चुडी लांब असेल तर ती पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागत नाही ना, हे आधी हाताने फिरवून बघायचं.

चाचणी घेताना थ्रॉटल पूर्ण उघडा, चोक पूर्ण उघडा, एअर फिल्टर काढलेला. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा कशाच्याही उपयोगाचा नाही, कारण सिलिंडरला दाबायला हवाच मिळत नाही. प्लगची वायर बॉडीला पक्की टेकवून ठेवा. मग काटा चढायचा थांबेपर्यंत, साधारण ५-६ वेळा, दोरी एकसारख्या जोराने ओढा. शेवटचा आकडा लिहाच, पण पहिल्या ओढीचाही लिहा. पहिल्या ओढीला कमी आणि मग हळूहळू चढत गेला तर रोख रिंगांकडे. पहिल्यापासून कमी आणि तिथेच अडकला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे. उंचावरच्या जागी आकडा आपोआप कमी येतो, समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के.

डीकॉम्प्रेसर आकडा खातो

आजच्या बहुतेक छोट्या इंजिनांत दोरी सहज ओढता यावी म्हणून कॅमशाफ्टवर डीकॉम्प्रेसर असतो. कमी फेऱ्यांवर, कॉम्प्रेशन स्ट्रोकमध्येच, तो एक व्हॉल्व्ह (बहुधा एक्झॉस्टचा) किंचित उचलून धरतो आणि थोडी हवा सोडतो. इंजिन वेगात आलं की त्याचं वजन बाहेर फेकलं जातं आणि तो बाजूला होतो. काही इंजिनांत वेगळं वजन नसतं, कॅमच्या लोबलाच तसा आकार दिलेला असतो. दोन्हींचा परिणाम एकच: दोरीने ओढून घेतलेला आकडा ५० ते ८० पीएसआयच्या दरम्यान आला तरी इंजिन निरोगी असू शकतं. मॅन्युअलमध्ये कॉम्प्रेशनचा आकडा दिला असेल तर तो किती आरपीएमवरचा आहे तेही वाचा, नुसता आकडा जुळवू नका.

डीकॉम्प्रेसर वगळून अंदाज घ्यायचा असेल तर रिकॉइल स्टार्टर उतरवा, प्लग लावा, वायर बॉडीला टेकवा आणि फ्लायव्हील हाताने उलट्या दिशेने जोरात फिरवा. उलटं फिरताना हवा दाबली जाते ती एरवीच्या पॉवर स्ट्रोकमध्ये, आणि तिथे डीकॉम्प्रेसरचं काम नसतं. कॉम्प्रेशन असेल तर फ्लायव्हील झटक्याने परत येतं. बोटं पंख्याच्या पात्यांत अडकणार नाहीत असं धरा. फ्लायव्हील नुसतं मंद होऊन पुढे निघून गेलं तर कॉम्प्रेशन खरंच कमी आहे.

रॉकर कव्हर उघडून डीकॉम्प्रेसर डोळ्यांनीही दिसतो. प्लग काढून ठेवा आणि इंजिन योग्य दिशेने अगदी हळू फिरवा. इनलेट व्हॉल्व्ह बंद झाल्यावर पिस्टन वर येत असताना एक्झॉस्टचा रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा हात) जागच्या जागी बारीकसा हलतो, व्हॉल्व्ह केसभर दबतो आणि परत बसतो. हा धक्का दिसला म्हणजे डीकॉम्प्रेसर जागेवर आहे. आता फ्लायव्हीलच्या नटावर सॉकेट लावून ड्रिलने इंजिनाच्याच दिशेने वेगात फिरवा. वेग वाढल्यावरही धक्का दिसतच राहिला, तर वजन अडकलंय: पिन जाम आहे, बारीक स्प्रिंग चुकीच्या हुकात अडकवली आहे किंवा कॅम बसवताना वजनाचा हात वाकला आहे. असं इंजिन उठलं तरी ताकद देत नाही आणि सायलेन्सरमधून फटफट करतं. इथे मात्र साइड कव्हर उघडण्याला पर्याय नाही.

टॅपेट: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकणारी जागा

व्हॉल्व्ह घासले किंवा सीट कटरने कापली की व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल जातो. जेवढा खोल गेला तेवढं त्याचं शेपूट रॉकरकडे वर येतं आणि टॅपेटचा गॅप (रॉकर आणि शेपूट यांच्यातली मोकळी जागा) तेवढा खातं. काम करण्याआधी ०.१५ मिमी गॅप होता आणि सीट कापताना ०.२ मिमी गेलं, तर आता गॅप शून्याच्याही खाली आहे. व्हॉल्व्ह कधी पूर्ण बसतच नाही. बाकीचं काम कितीही चांगलं असो, कॉम्प्रेशन येणार नाही.

म्हणून हेड चढवल्यावर टॅपेट नव्याने बसवायचेच, जुन्या स्क्रूच्या जागेवर विश्वास ठेवायचा नाही. इंजिन थंड हवं. जीएक्स१६० ला इनलेट ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी, दोन्हीकडे ०.०२ ची सूट. दुसऱ्या इंजिनाला त्याच्या मॅन्युअलचा आकडा. फीलर गेजचं पातं किंचित अडकत सरकलं पाहिजे आणि लॉकनट आवळल्यावर गॅप परत मोजायचा, कारण नट फिरताना स्क्रूही फिरतो. निम्मी चुकलेली सेटिंग इथेच चुकलेली असते.

दुसरी चूक टीडीसीची, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोचतो त्या जागेची. चार-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो. एक्झॉस्ट संपून इनलेट सुरू होतानाच्या टीडीसीवर दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात, तिथे गॅप लावला तर तो पूर्ण खोटा. कॉम्प्रेशनचा टीडीसी ओळखायला इनलेट रॉकर खाली दबून परत वर आला की त्यानंतर पिस्टन वर येईल तोच धरायचा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला तर तो हवेने ढकलला जातो. डीकॉम्प्रेसर असलेल्या इंजिनात अगदी टीडीसीवर व्हॉल्व्ह अजून त्याच्या टोकावर टेकलेला असण्याची शक्यता असते, म्हणून अशा इंजिनांना पिस्टन टीडीसी ओलांडून साधारण ६ मिमी खाली नेऊन गॅप लावतात. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.

एक्झॉस्टचा गॅप मापापेक्षा घट्ट असेल तर डीकॉम्प्रेसर व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त उचलतो आणि गेजचा आकडा आणखी खाली जातो. उलट गॅप फार सैल असेल तर डीकॉम्प्रेसर पोचतच नाही आणि दोरी हातातून हिसकावली जाते. थंडीत एका ओढीत उठणारं, पण गरम झाल्यावर बंद केलं की परत न उठणारं इंजिन असेल, तर एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट आहे असं धरूनच सुरुवात करा. गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते आणि उरलासुरला गॅप संपतो.

साइड-व्हॉल्व्ह इंजिनात (व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्ये असतात त्या) स्क्रू नसतो. तिथे गॅप वाढवायला व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक ग्राइंडरवर काटकोनात घासावं लागतं, थोडं थोडं, मधे मधे मोजत. जास्त घासलं गेलं तर व्हॉल्व्ह गेला.

हवा भरा आणि ऐका

टॅपेट बरोबर, डीकॉम्प्रेसर बरोबर, तरी आकडा कमी? मग गेज बाजूला ठेवून सिलिंडरमध्ये बाहेरून हवा सोडा. दोन घड्याळांचा लीकडाउन टेस्टर (भरलेली हवा किती टक्के गळते ते दाखवणारा) असेल तर उत्तम. नसेल तर कॉम्प्रेसर, रेग्युलेटर आणि प्लगच्या भोकात बसणारी नळी एवढ्यावर ऐकण्याचं काम भागतं. कॉम्प्रेशन गेजची नळी वापरणार असाल तर तिच्या टोकातला व्हॉल्व्ह आधी काढा, नाहीतर तो बाहेरची हवा आत जाऊच देणार नाही आणि इंजिन एकदम गच्च आहे असा भ्रम होईल.

पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणा. ६८ मिमीच्या पिस्टनवर ६ बार दाब म्हणजे २०० किलोहून जास्त जोर. पिस्टन टीडीसीच्या जरा जरी इकडेतिकडे असला तर क्रँक झटक्यात फिरतो आणि नटावर ठेवलेला पाना हाताला किंवा तोंडाला लागतो. पाना काढून ठेवा किंवा फ्लायव्हील पक्कं अडकवा. नुसतं ऐकायचं असेल तर दीड-दोन बार पुरे.

आवाज कुठून येतो ते शोधा. कार्ब्युरेटरच्या तोंडातून फुसफुस म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या भोकातून किंवा ब्रीदरच्या (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून म्हणजे रिंगा. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर, प्लगच्या बुडाशी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. प्लगची चुडी खराब होऊन तिथे इन्सर्ट बसवला असेल तर त्याच्या बाहेरच्या कडेनेही हवा गळते, आणि इथे कोणी बघतच नाही.

ब्रीदरमधून थोडा आवाज प्रत्येक इंजिनात येतो, कारण रिंगेचा गॅप म्हणजे शेवटी भोकच. नव्या बांधणीत टेस्टरवर १० ते २० टक्के गळती चालते, २५ पर्यंत इंजिन चालवून बघायला हरकत नाही, ४० च्या वर खोलावंच लागतं. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरला मात्र सूट नाही. व्हॉल्व्ह एकतर धरतो, नाहीतर धरत नाही. आवाज येत असेल तर रॉकर कव्हर उघडून व्हॉल्व्हच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने एक-दोन हलके टोले द्या. सीटवर कार्बनची चकती, फडक्याचा धागा किंवा होनिंगचा (बोअर दगडाने घासण्याचा) कण अडकला असेल तर तो उडतो आणि आवाज थांबतो.

व्हॉल्व्ह गळत असेल तर

हेड उतरवा. प्लग बसवा, हेड उलटं धरून चेंबरमध्ये रॉकेल भरा आणि दोन मिनिटं थांबा. इनलेट-एक्झॉस्टच्या वाटेत टॉर्च मारून बघा: व्हॉल्व्हच्या बुडाशी ओलसर कड दिसली तरी ती गळतीच. पेट्रोल जास्त पातळ असल्याने आणखी कडक परीक्षा घेतं, पण आगीचा धोका नको म्हणून रॉकेलच बरं.

गळणारा व्हॉल्व्ह काढून त्याच्या तिरक्या कडेवर साध्या पेन्सिलने आडव्या रेघा मारा, ५-६ मिमी अंतरावर, पूर्ण गोलाभोवती. व्हॉल्व्ह सीटवर टेकवून दाबा आणि पाव फेरा फिरवून बाहेर काढा. प्रत्येक रेघ मधोमध पुसलेली दिसली पाहिजे. सलग दोन-तीन रेघा तशाच राहिल्या असतील तर त्या बाजूला व्हॉल्व्ह सीटला टेकतच नाही. दांडी वाकलेली आहे, गाइड झिजलंय किंवा सीट गोल नाही. या तिन्हींवर घासायची पेस्ट हे औषध नाही. कितीही घासा, सीट रुंद होत जाईल, गळती तशीच राहील. आणि रुंद सीट हीसुद्धा गळती आहे, कारण तोच स्प्रिंगचा जोर जास्त जागेवर वाटला जातो. ०.८ ते १.२ मिमीची स्वच्छ, एकसारख्या रुंदीची राखाडी पट्टी हवी. २ मिमीच्या पुढे गेली असेल तर कटरने परत अरुंद करून घ्या.

घासून झाल्यावर पेस्ट पूर्ण धुवा, गाइडच्या आतूनही. राहिलेली पेस्ट दांडी आणि गाइड खात राहते.

बांधताना होणारी आणखी एक गफलत: सीटची रिंग हेडमध्ये सैल झालेली असणं. इंजिन कधी फार तापलं असेल तर अॅल्युमिनियमची पकड ढिली होते. थंडपणी सगळं बरोबर दिसतं, गरम झालं की रिंग हलते. सीटवर बोटाने दाब देऊन, शेजारी पितळी दांडीने हलकं ठोकून बघा. कडेने ऑइल पाझरताना किंवा रिंग हलताना दिसली तर नवी सीट बसवून घ्यावी लागेल.

रिंगा आणि बोअर

ब्रीदरमधून जोराने हवा येतेय हे नक्की झालं, तरच इकडे या. आधी तेलाची चाचणी: प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल टाकून आकडा परत घ्या. वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर इतर काही. पण मोटारीच्या हिशेबाने चमचाभर तेल ओतू नका. २० सीसीच्या चेंबरमध्ये ५ मिली तेल गेलं तर त्या तेलाच्या नुसत्या जागेनेच ९ चा रेशो ११.६ होतो, आणि रिंगा ठीक असल्या तरी आकडा उडी मारतो. २ मिली पुरे, आणि ते टाकल्यावर इंजिन सात-आठ वेळा हाताने फिरवायचं. सिलिंडर आडवा किंवा तिरका असेल तर तेल खालच्या बाजूलाच साठतं, वरच्या बाजूच्या गळतीबद्दल ते काही सांगत नाही. नुकत्याच बांधलेल्या इंजिनात बोअरला बांधणीचं तेल असतंच, त्यामुळे इथे या चाचणीवर मी फार भार टाकत नाही.

खोलल्यावर पहिलं माप रिंगेच्या तोंडाचं. रिंग पिस्टनवरून काढा, बोअरमध्ये टाका, पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलून २५ मिमी खाली न्या आणि फीलर गेज घाला. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला बोअरच्या दर २५ मिमीमागे ०.१ मिमी हा ढोबळ नियम, म्हणजे ६८ मिमीला ०.२७ च्या आसपास. ०.२ ते ०.४ आलं तर बिनधास्त. एक मिमीच्या आसपास आलं तर रिंग त्या बोअरची नाहीच. हा योगायोग नसतो: बोअर ०.२५ ओव्हरसाइज मारला आणि डब्यात स्टँडर्ड रिंगा आल्या, तर गॅप ०.२५ ने नाही, त्याच्या ३.१४ पटीने वाढतो, म्हणजे जवळजवळ ०.८ मिमीने. हे आकडे जुळले की चोर सापडला. डब्यावरचा शिक्का आणि पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा दोन्ही पडताळा.

तीच रिंग बोअरच्या तळाशी नेऊन परत मोजा. वर आणि खाली गॅपमधला फरक ३.१४ ने भागला की बोअरचा निमुळतेपणा मिळतो. ०.१५ मिमी फरक असेल तर व्यासात ०.०५ चा फरक आहे. महागडं बोअर गेज नसलं तरी एवढ्यावर बोअर नीट मारलाय की नाही हे कळतं. लंबगोलपणा मात्र याने कळत नाही, त्यासाठी गेजच लागतं: वर, मधे, खाली, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने आणि तिला काटकोनात, अशी सहा मापं.

पिस्टन जुनाच वापरला असेल तर खाच बघा. नवी रिंग खाचेत घालून वरच्या बाजूने फीलर गेज घाला. ०.१५ च्या वर पातं जात असेल तर खाच झिजली आहे, रिंग आत वरखाली आपटते आणि मागून हवा निसटते. नवी रिंग जुन्या खाचेत टाकून पैसे वाचत नाहीत.

रिंगेवर ठिपका, अक्षर किंवा टॉप असा शिक्का असेल तर ती बाजू वर. दुसरी रिंग बहुधा तिरक्या तोंडाची असते, ती उलटी बसली की खाली तेल खरवडण्याऐवजी तेल वर ढकलते आणि इंजिन निळा धूर सोडतं. पहिली आणि दुसरी अदलाबदल झालेलीही दिसते. रिंगांची तोंडं १२० अंशांवर ठेवायची हे सगळे सांगतात आणि ठेवावीतच, पण तोंडं एका रेषेत आली म्हणून इंजिन उठलं नाही असं होत नाही. चालू इंजिनात रिंगा स्वतःच फिरत असतात.

होनिंगकडे लक्ष द्या. बोअरवर एकमेकांना छेदणाऱ्या रेघा ४५ ते ६० अंशांच्या कोनात दिसल्या पाहिजेत. आरशासारखा गुळगुळीत बोअर नव्या रिंगांना बसूच देत नाही. क्रोम किंवा निकासिलचा थर असलेल्या अॅल्युमिनियम बोअरला साधे होनिंगचे दगड लावायचे नाहीत, थर निघाला की सिलिंडर फेकायचा. होनिंगनंतर बोअर पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसला तर दगडाची भुकटी रेघांतच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश घ्या. पांढरं फडकं तेलात बुडवून बोअरमधून फिरवलं तर ते पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं, मग लगेच तेल लावायचं, कारण बीड काही मिनिटांत गंजतं. ही भुकटी राहिली तर इंजिन पहिल्या दिवशी छान कॉम्प्रेशन देतं आणि थोड्याच तासांत पडतं. रिंगांचा गॅप परत मोजला की तो मूळच्या दुपटीवर गेलेला दिसतो.

रिंगांचा वेष घेतलेलं हेड गॅस्केट

ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनात बोअर आणि पुशरॉडच्या (कॅमकडून रॉकरला ढकलणाऱ्या दांडीच्या) बोगद्याच्या मधे गॅस्केटची अगदी अरुंद पट्टी असते. तिथून हवा गेली तर ती बोगद्यातून क्रँककेसमध्ये उतरते आणि आवाज ब्रीदरमधूनच येतो, हुबेहूब रिंगांसारखा. तेल टाकूनही आवाज जराही कमी झाला नाही तर ब्लॉक खोलण्याआधी हेड काढून ही पट्टी बघा. गळतीच्या जागी काळी रेघ उमटलेली असते.

हेड काचेवर किंवा सरळ पट्टीखाली धरून ०.१० मिमीचं पातं कुठे जातं का बघा. जात असेल तर काचेवर २२० चा वॉटर पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासा. ब्लॉकचा पृष्ठभागही तपासा. बोल्टच्या भोकांत तेल किंवा कचरा असेल तर बोल्ट तळाला टेकतो, टॉर्क रेंच टकटक करतो, पण हेड दाबलेलंच नसतं. भोकं हवेने साफ करा. एम८ बोल्ट असलेल्या जीएक्स१६० ला टॉर्क २४ न्यूटन-मीटर आहे. तो तीन टप्प्यांत, तिरप्या क्रमाने द्यायचा. एकदा दाबलेलं गॅस्केट परत वापरू नका, त्याला सिलिकॉन लावून तर नकोच.

हवा गळत नाही, तरीही आकडा कमी

ही जागा सगळ्यात गोंधळात टाकणारी. लीकडाउनला इंजिन गच्च, गेजवर मात्र कमी. लीकडाउन पिस्टन स्थिर ठेवून होतं, त्यामुळे व्हॉल्व्ह कधी बंद होतात हे त्याला कळत नाही. म्हणजे संशय दोनच गोष्टींवर: कॅमचं टायमिंग किंवा चेंबरची जागा.

कॅम आणि क्रँकच्या गिअरवरचे ठिपके समोरासमोर नसले तर क्रँकच्या गिअरला २० दात असतील तेव्हा एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. कॅम तेवढा मागे पडला तर इनलेट उशिरा बंद होतो, पिस्टन वर येताना आधी हवा परत कार्ब्युरेटरमध्ये ढकलतो आणि उरलेलीच दाबतो. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी हात धरून फिरवलं तर उलटी फुंकर लागते. कॅम पुढे गेला असेल तर उलट आकडा चांगला येतो, पण इंजिन वरच्या फेऱ्यांना दम धरत नाही. साइड कव्हर न काढता पडताळायला एक्झॉस्ट-इनलेटच्या मधल्या टीडीसीवर दोन्ही रॉकर बघा. दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे दिसायला हवेत. एक बराच उघडा आणि दुसरा पूर्ण बंद असेल तर कव्हर उघडा.

जागेचा प्रश्न पिस्टन किंवा गॅस्केटचा असतो. एकाच बोअरचे, पण पिनची उंची वेगळी असलेले पिस्टन बाजारात एकाच डब्यात खपतात. हेड काढलेलं असतानाच पिस्टन टीडीसीवर आणून त्याचं डोकं ब्लॉकच्या कडेपासून किती खाली राहतं ते मोजा आणि जुन्या पिस्टनच्या मापाशी ताडून बघा. ६८ मिमीच्या बोअरला अर्धा मिमी जास्त जागा म्हणजे १.८ सीसी, आणि ९ चा रेशो ८.३ वर. जाड गॅस्केट किंवा चुकून दोन गॅस्केट बसल्यावरही हेच होतं.

पहिले काही तास

गळती मर्यादेत आहे, टायमिंग बरोबर आहे, आकडा जरा कमी आहे पण इंजिन उठतंय: मग चालवा. बिनलोड तासन्‌तास आयडलवर ठेवणं ही सगळ्यात वाईट पद्धत. रिंगेला बोअरवर दाबून धरतो तो तिच्या मागे जाणारा वायूचा दाब, आणि तो लोडशिवाय मिळत नाही. काही मिनिटं गरम करून निम्मं लोड द्या, दहा-पंधरा मिनिटांनी कमी करा, परत वाढवा. साधं मिनरल ऑइल, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं. पहिलं ऑइल ५ तासांच्या आत बदला, त्याच वेळी इंजिन थंड झाल्यावर टॅपेट परत मोजा आणि गेज पुन्हा लावा. आकडा वाढला असेल तर काम झालं. घटला असेल तर होनिंगची भुकटी किंवा फिल्टरमागून येणारी धूळ यांकडे बघा.

दोन-स्ट्रोक असेल तर

व्हॉल्व्ह-टॅपेट नाहीत, त्यामुळे यादी लहान. हेडवर बटणाचा डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह असेल तर तो गळतोय का बघा. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या वाटेने पिस्टन आणि रिंगा थेट दिसतात, उभे ओरखडे असतील तर पुढची तपासणी करायचीच गरज नाही. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे हवा. रिंगेच्या खाचेत पिन असते, रिंगेची तोंडं त्या पिनेच्या दोन्ही बाजूंना बसायला हवीत. पिनेवर चढलेली रिंग बोअरमध्ये जबरदस्तीने ढकलली की मोडते, आणि कधी कधी एक वळसा फिरेपर्यंत ते कळतही नाही. ९० पीएसआयच्या खाली दोन-स्ट्रोक उठायला कुरकुर करतं, चांगल्या स्थितीतलं ११० च्या पुढे जातं. क्रँकच्या सीलमधली गळती इंजिन उठू देत नाही, पण गेजवरच्या आकड्याशी तिचा संबंध नाही, त्यासाठी क्रँककेसची वेगळी प्रेशर टेस्ट लागते.

बोअर किंवा सीटचं काम परत करून घ्यायला लेथवर जायची वेळ आलीच, तर सोबत पिस्टन आणि रिंगा घेऊन जा आणि सहा ठिकाणची बोअरची मापं, रिंगांचा गॅप, सीटची रुंदी कागदावर लिहून द्या. बोअर डब्यावरच्या आकड्यावर नाही, हातात असलेल्या पिस्टनच्या मापावर मारून मागा.